इंग्रजी कोणाच्या अनुभवातून शिकवायची?

१

भाषा शिकवताना नुसती भाषा शिकवता येत नाही. तिच्याबरोबर दुसरे काहीतरी शिकवले जातेच. क्रियापदाला कर्ता लागतो, कर्त्याला नाव लागते. नावामागून माणूस येतो आणि माणसामागून त्याचे घर, धंदा, वस्ती, देश. 'राम आंबा खातो' हे वाक्य केवळ व्याकरणासाठी फळ्यावर लिहिले, तरी आंबा कोणाच्या वाट्याला येतो आणि आंब्याचे झाड कोणाच्या शेतात उभे आहे, हे त्या वाक्याने आधीच गृहीत धरलेले असते. म्हणून भाषाशिक्षणात 'कसे शिकवावे' या प्रश्नाइतकाच 'कशातून शिकवावे' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पहिला प्रश्न पद्धतीचा आहे. दुसरा प्रश्न पद्धतीचा तर आहेच, पण तो सामाजिक सत्तेचाही आहे.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. पदवीच्या वर्गात बसण्यापूर्वी परदेशी विद्यार्थ्यांची इंग्रजी पक्की व्हावी म्हणून जो वर्ग चालतो, तो गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. येमेन, सुदान, अफगाणिस्तान, सोमालिया, मोझांबिक अशा देशांतून मुले-मुली येतात. काही भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येतात, काही घरच्यांनी जमिनी-दागिने विकून जमवलेल्या पैशांवर. अरबी, दारी, पश्तू, सोमाली, पोर्तुगीज या त्यांच्या भाषा. त्यांना इंग्रजी हवी आहे ती अर्थशास्त्राचे, फार्मसीचे, संगणकशास्त्राचे व्याख्यान समजण्यासाठी. आणि त्याही आधी या शहरात राहता येण्यासाठी.

त्यांच्या हाती मात्र जे पाठ्यपुस्तक पडते त्यात काय असते? विमानतळावर उतरलेला प्रसन्न तरुण, हॉटेलातील आरक्षित खोली, सुट्टीतील सागरकिनारा, सूप मागवणारे चौकोनी कुटुंब. या पुस्तकांच्या जगात खोली मिळतेच. रांग नसते, अर्ज परत येत नाही, कोणी कोणाला नकार देत नाही. या आशयाला तटस्थ म्हटले जाते. वस्तुतः ज्याला जगात कोठेच अडवले जात नाही, अशा माणसाचे ते चरित्र आहे.

प्रत्यक्ष जगातील विषय घेऊन त्यातून भाषा शिकवण्याची एक पद्धत गेल्या सहा दशकांत विकसित झाली आहे. तिला आशयाधारित भाषाशिक्षण म्हणता येईल. ती काय आहे, ती वर्गात कशी राबवता येते आणि आपल्या दृष्टीने तिचे मोल काय, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होण्याची एक ठळक सुरुवात १९४१ साली अमेरिकेत झाली. त्या वर्षी चार्ल्स फ्राइज यांनी मिशिगन विद्यापीठात इंग्रजी भाषेची संस्था स्थापन केली. लॅटिन अमेरिकेतून येणारे विद्यार्थी हे तिचे पहिले विद्यार्थी होते. वाक्याचे साचे ठरवायचे आणि ते जिभेला सवय होईपर्यंत घोकून घ्यायचे, हा या परंपरेचा गाभा. 'धिस इज अ बुक, दॅट इज अ पेन' या वाक्यांत पुस्तकाविषयी किंवा पेनाविषयी कोणालाच काही सांगायचे नसते. आशय म्हणजे साचा टांगण्याची खुंटी.

या घोकंपट्टीने विद्यार्थी बोलू लागतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तोच विद्यार्थी विद्यापीठाच्या व्याख्यानात बसला की मुका होतो. कारण व्याख्यानात व्याख्या असते, तुलना असते, कार्यकारणभाव असतो, एका मताचे खंडन आणि दुसऱ्याचे समर्थन असते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली हा भेद स्पष्ट केला. रोजच्या संभाषणाची भाषा एक आणि शिक्षणातील विचाराची भाषा दुसरी. स्थलांतरित मुलांविषयी पुढे जे निष्कर्ष निघाले त्यांनुसार पहिली भाषा सुमारे दोन वर्षांत येते, दुसरीला पाच किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. मूल फडाफडा बोलते म्हणून त्याला सारे समजते असे शिक्षक धरून चालतो. आणि ते नापास झाले की दोष त्याच्या बुद्धीवर ठेवतो. हा दोष कोणाच्या बुद्धीवर ठेवला जातो, हे या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मग विचाराची भाषा शिकवायची कशी? याचे एक उत्तर कॅनडातच मिळाले. क्वेबेक प्रांतातील सेंट लॅम्बर्ट या गावी १९६५ साली इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहावरून एक प्रयोग सुरू झाला. मुलांना फ्रेंच हा विषय न शिकवता शाळेतील विषयच फ्रेंचमधून शिकवायचे. गणित करता करता, गोष्ट ऐकता ऐकता मुले फ्रेंच शिकली. १९८२ साली ओटावा विद्यापीठाने हीच कल्पना पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वापरली. मानसशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या भाषेतून शिकवला. फ्रेंच भाषकांना इंग्रजीतून, इंग्रजी भाषकांना फ्रेंचमधून. वर्ग त्यांच्यापुरता वेगळा ठेवला आणि भाषाशिक्षक सोबतीला दिला. विद्यार्थ्यांना मानसशास्त्र तर आलेच, पण स्वतंत्र भाषावर्गात बसणाऱ्यांच्या तोडीची भाषिक प्रगतीही त्यांनी केली.

ब्रिंटन, स्नो आणि वेश या तीन अभ्यासक स्त्रियांनी १९८९ साली या पद्धतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात तिचे तीन प्रकार मांडले आहेत. पहिल्यात भाषाशिक्षक एखादा विषय निवडतो, उदाहरणार्थ पाणी किंवा स्थलांतर, आणि काही आठवडे वाचन, व्याकरण, लेखन सारे त्याच विषयाभोवती गुंफतो. दुसऱ्यात विषयाचा शिक्षकच परभाषक विद्यार्थ्यांच्या वेगळ्या वर्गाला सोप्या भाषेत विषय शिकवतो. ओटावाचा प्रयोग हा या प्रकारचा. तिसऱ्यात विद्यार्थी इतरांबरोबर नेहमीच्या व्याख्यानाला बसतो, पण त्याला जोडून भाषेचा तास असतो आणि दोन्ही शिक्षक मिळून काम करतात. भारतातही एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर व दक्षिणेतील इतर काही शाळांत नकाशे, वेळापत्रके यांवरची कामे देऊन इंग्रजी शिकवली. मन अर्थात गुंतले असता भाषेची घडण आपोआप रुजते, हे त्यांचे सूत्र होते.

३

इथवर सारे शास्त्रशुद्ध आहे. पण येथेच आपला प्रश्न सुरू होतो. 'प्रत्यक्ष जग' म्हणजे कोणाचे जग?

सेंट लॅम्बर्टची मुले इंग्रजी भाषक होती. क्वेबेकात फ्रेंच बहुसंख्यांची भाषा असली तरी व्यापार-उद्योगाची सत्ता इंग्रजी भाषकांकडे होती. त्या मुलांच्या घरच्या भाषेला कसलाच धोका नव्हता. त्यांच्या आयुष्यात एक भाषा वाढली इतकेच. हा प्रयोग अभ्यासणारे वॉलेस लॅम्बर्ट यांनी स्वतःच पुढे भर घालणारे द्वैभाषिकत्व आणि हिरावून घेणारे द्वैभाषिकत्व असा भेद केला. ज्याच्या भाषेला मान आहे त्याला दुसरी भाषा मिळते. ज्याच्या भाषेला मान नाही त्याच्याकडून दुसरी भाषा पहिली काढून घेते. पद्धत एकच, परिणाम मात्र माणसाच्या सामाजिक स्थानावर अवलंबून.

दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकांची. जगभर खपणारी इंग्रजीची पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकांमध्ये काही विषय टाळण्याचा संकेत आहे. राजकारण, मद्य, धर्म, लैंगिकता, अमली पदार्थ, कोणताही 'वाद' आणि डुकराचे मांस. या विषयांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून 'पार्सनिप' हा शब्द तयार होतो. पार्सनिप हे विलायतेतील एक कंदमूळ, आपल्या गाजरासारखे. सगळ्या देशांत पुस्तक विकले जावे, कोणाचे मन दुखावू नये, हा व्यापारी विचार त्यामागे आहे. पण या यादीतून राजकारण आणि धर्म वजा केल्यावर जातीविषयी काय बोलणार? वंशद्वेषाविषयी काय बोलणार? जे विषय काही माणसांच्या रोजच्या जगण्याचे आहेत, तेच 'वादग्रस्त' म्हणून वर्गाबाहेर राहतात. त्या विषयांबरोबर ती माणसेही बाहेर राहतात.

हे आपल्याला परिचित आहे. मराठी साहित्यात 'अनुभव' या शब्दाला केवढे मोल होते. पण तो अनुभव एका वर्गाचा होता आणि त्यालाच सार्वत्रिक म्हटले जात होते. दलित साहित्याने विचारले, 'कोणाचा अनुभव?' हा प्रश्न कविता-कथेपुरता नाही. तो इंग्रजीच्या पहिल्या धड्यालाही लागू आहे.

ब्राझीलमधील पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली अँजिकोस या गावी सुमारे तीनशे श्रमिकांना ४० तासांत लिहा-वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला, तेव्हा त्यांनी धडे पुस्तकातून घेतले नाहीत. लोकांच्या तोंडी असलेले, त्यांच्या श्रमाशी जोडलेले शब्द निवडले. अशा पद्धतीत 'वीट' हा शब्द अक्षरांसाठी फोडतात, तेव्हा विटा कोण रचतो आणि त्या घरात कोण राहतो, ही चर्चाही होते. १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरे यांना तुरुंगात टाकले आणि पुढे त्यांना देश सोडावा लागला. अक्षरओळखीला सत्ता एवढी का घाबरते, याचे उत्तर त्या विटेत आहे. अमेरिकेत नीना वॉलरस्टीन आणि एल्सा ऑयरबाख यांनी १९८७ साली स्थलांतरित कामगारांना इंग्रजी शिकवण्यासाठी याच विचाराने पुस्तक तयार केले. त्यात सूप मागवण्याचा धडा मध्यवर्ती नाही. कामावरचे प्रश्न मध्यवर्ती आहेत.

४

आता वर्गातले काम सांगते. एक घटक मी पाच आठवडे चालवते. त्याचा विषय आहे, 'राहायला जागा'.

हा विषय निवडण्याचे कारण उघड आहे. शिक्षणासाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला देशात उतरल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. नोंदणीला पत्ता लागतो. पत्त्याला खोली लागते. खोली देणाऱ्या मालकाला परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत सरकारला द्यावी लागते. ती कटकट नको म्हणून तो खोलीच देत नाही. बाकीची कारणे तो सांगत नाही. ती विद्यार्थ्याच्या कातडीच्या रंगावर, नावावर आणि ताटावर लिहिलेली असतात.

पहिल्या आठवड्यात विद्यार्थी रस्त्यावरच्या पाट्या आणि फोनवरच्या जाहिराती उतरवून आणतात. डिपॉझिट, ब्रोकरेज, ॲग्रीमेंट, नोटीस पीरियड हे शब्द त्यातून येतात. पण सर्वांत अधिक वेळा येणारा शब्द असतो 'ओन्ली'. 'फॅमिली ओन्ली', 'व्हेज ओन्ली', 'वर्किंग लेडीज ओन्ली'. पाठ्यपुस्तकात 'ओन्ली' हे साधे क्रियाविशेषण आहे. वाक्यात त्याची जागा बदलली की अर्थ बदलतो, एवढे तेथे शिकवतात. आम्ही तेही करतो. त्यानंतर प्रत्येक पाटीखाली दुसरे वाक्य लिहितो: या पाटीने कोणाला बाहेर ठेवले? म्हणजे पाटीवर न लिहिलेले वाक्य लिहायचे. अनुमान काढणे हे विद्यापीठीय वाचनाचे पहिले कौशल्य मानतात. ते या पाटीखाली फार लवकर येते.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचायला घेतो. त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या १२ व्या खंडात ते १९९३ साली समाविष्ट झाले. लहान लहान प्रसंग, सरळ भूतकाळ, बेताची वाक्ये. भाषेच्या दृष्टीने या पातळीच्या विद्यार्थ्यांना ते झेपते. शिवाय 'व्हिसा' हा शब्द या मुलांना कोशात पाहावा लागत नाही. व्हिसासाठी थांबणे म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पण एखाद्या माणसाला स्वतःच्याच देशात व्हिसासाठी थांबावे लागते, हे शीर्षकातून लक्षात आले की वर्ग काही क्षण शांत होतो.

बडोद्याचा प्रसंग सर्वांना माहीत आहे. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला तरुण नोकरीसाठी बडोद्यात उतरतो आणि त्याला राहायला जागा मिळत नाही. पारशांच्या धर्मशाळेत तो दिवसाला दीड रुपया देऊन पारशी नावाने राहतो. ११ व्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात येतो. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र जागा देण्याचे टाळतात. शेवटी तो सार्वजनिक बागेत जाऊन बसतो. हे वाचल्यावर तिसऱ्या आठवड्यात आम्ही नकाराचे व्याकरण शिकतो. पारशी जमावाचा नकार आज्ञार्थी आहे. मित्रांचा नकार तसा नाही. तू घरी आलास तर नोकर निघून जातील, असे एकाने सुचवले. बायकोला विचारावे लागेल, असे दुसऱ्याने. पहिल्याचे वाक्य संकेतार्थी आहे. दुसऱ्याने निर्णय तिसऱ्या माणसावर ढकलला आहे.

इंग्रजीची पुस्तके विद्यार्थ्याला सभ्यपणे विनंती करायला शिकवतात. 'कुड यू', 'वुड यू माइंड', 'मे आय'. पण सभ्यपणे दिलेला नकार ओळखायला शिकवत नाहीत. 'अनफॉर्च्युनेटली', 'आय ॲम अफ्रेड', 'वी विल लेट यू नो' हे शब्द ऐकून माझे विद्यार्थी आठवडाभर एजंटाच्या फोनची वाट पाहत बसत. आता ते या वाक्यांना प्रश्न विचारतात: हे कोण ठरवते? नियम लेखी आहे का? तो मला दाखवाल का? प्रश्नार्थक वाक्यांची रचना ते येथे शिकतात. खोली मिळतेच असे नाही. परंतु विद्यार्थी निरुत्तर होऊन परत येत नाही.

चौथा आठवडा पाण्याचा आणि कर्मणी प्रयोगाचा. महाडचा इतिहास मी कालक्रमाने देते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे कागदावर आले. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ पर्यंत तेथे अस्पृश्यांना पाणी पिता आले नाही. आणि कोर्टातला अंतिम निकाल १९३७ साली लागला. 'द टँक वॉज ओपन्ड' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे. त्यात कर्ता नाही. तळे कोणी खुले करायचे, हे वाक्य सांगत नाही, म्हणून ते कोणीच केले नाही. 'दे वॉक्ड टू द टँक अँड ड्रँक' या वाक्यात कर्ता आहे. कर्तरी आणि कर्मणी यांतील फरक समजायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. सरकारी कागद, अहवाल, कंपनीची पत्रे यांत कर्मणी प्रयोग इतका का असतो, हेही विद्यार्थ्यांना यातून उमगते.

याच आठवड्यात दौलताबादचा १९३४ चा प्रसंग येतो. किल्ल्याच्या वेशीजवळील हौदावर हातपाय धुतले म्हणून बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुसलमान जमावाने घेरले होते. माझ्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान असतात. हा उतारा मी गाळत नाही. इस्लाममध्ये असे नाही, असे अनेकजण तळमळीने म्हणतात, आणि धर्मग्रंथ व समाज यांतील अंतर यावर चांगली चर्चा होते. अशाच एका चर्चेत येमेनचा एक विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, आमच्याकडे रस्ते झाडणारे लोक आहेत. त्यांना पूर्वी 'अखदाम' म्हणत.

अखदाम म्हणजे नोकर, चाकर. सना, ताइझ यांसारख्या शहरांच्या कडेला त्यांच्या वस्त्या आहेत. झाडलोट आणि कचरा हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे. त्यांच्याशी सोयरीक होत नाही. आता त्यांना 'मुहम्मशीन' म्हणतात, म्हणजे कडेला ढकलले गेलेले. या एका शब्दावर आमचा सबंध तास गेला. दुसऱ्याने ठेवलेले नाव आणि अन्यायाचा उच्चार करणारे नाव यांत फरक काय? 'हरिजन' हा शब्द का नाकारला गेला, 'दलित' का स्वीकारला गेला? कडेला 'असलेले' आणि कडेला 'ढकललेले' यांत पुन्हा तोच कर्ता लपलेला आहे. नायजेरियातील इग्बो समाजात 'ओसू' म्हणून बहिष्कृत वर्ग आहे. १९५६ साली तेथील पूर्व विभागाने कायद्याने ही प्रथा बंद केली. चिनुआ अचेबे यांच्या 'नो लाँगर ॲट ईज' या १९६० च्या कादंबरीत विलायतेहून शिकून आलेला नायक ओसू मुलीशी लग्न करू पाहतो, तेव्हा घर आणि मित्र दोन्ही आडवे येतात. हा भाग मी पुढच्या वाचनासाठी देते.

पाचव्या आठवड्यात लेखन. तुलना करणारा निबंध, आणि घरमालकाला किंवा महाविद्यालयाला लिहायचे औपचारिक पत्र. निबंधासाठी समाजशास्त्राच्या प्राध्यापकांचे एक व्याख्यान ऐकून टिपणे काढायची असतात. म्हणजे पाच आठवड्यांत वाचन, व्याकरण, श्रवण, चर्चा, लेखन हे सारे झाले. विषय एकच राहिला, म्हणून शब्द पुन्हा पुन्हा आले आणि पक्के झाले.

५

या पद्धतीवरचे तीन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत.

पहिला, व्याकरण कच्चे राहते. हा आक्षेप खरा आहे. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली दाखवून दिले की, कॅनडातील त्या मुलांना वर्षानुवर्षे फ्रेंचमधून शिकून सारे समजत होते, पण बोलताना-लिहिताना चुका तशाच राहत होत्या. ऐकणे पुष्कळ, स्वतः मांडणे थोडे. म्हणून विद्यार्थ्याकडून लिहून घेतले पाहिजे आणि ते काटेकोर तपासले पाहिजे. आपल्यासाठी या मुद्द्याला आणखी एक अर्थ आहे. लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने १९८८ साली अमेरिकेतील उदारमतवादी शिक्षकांना खडे बोल सुनावले. मुलांना मोकळे लिहू द्या, नियमांचा बाऊ करू नका, असे म्हणणाऱ्यांच्या मुलांना ते नियम घरीच मिळालेले असतात. ज्यांना घरी मिळत नाहीत त्यांना ते वर्गात स्पष्ट सांगितले पाहिजेत; त्यांच्या स्वतःच्या बोलीचा मान राखून सांगितले पाहिजेत. सत्तेच्या भाषेचे नियम शोषितांपासून लपवणे, मग ते कितीही प्रेमाने असो, हा नवा ज्ञानबंदीचाच प्रकार होय. आशय आमचा आणि व्याकरण ढिसाळ, असा सौदा आपल्याला परवडणारा नाही.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. इंग्रजीच्या तासाला जात कशाला? याचे उत्तर पहिल्याच परिच्छेदात आले आहे. सूप मागवणाऱ्या कुटुंबातही राजकारण आहे. फरक इतकाच की ते दिसत नाही. मात्र एक पथ्य शिक्षकाने पाळले पाहिजे. विद्यार्थ्याची भाषा तपासायची, त्याचे मत नव्हे. माझ्या मताविरुद्ध उत्तम युक्तिवाद करणाऱ्या निबंधाला उत्तम गुण मिळाले पाहिजेत. तसे झाले नाही तर एक पोथी काढून दुसरी ठेवल्यासारखे होईल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. विद्यार्थ्याच्या जखमेचा धडा करण्याचा शिक्षकाला काय अधिकार? डिसेंबर २०२२ मध्ये अफगाणिस्तानात मुलींना विद्यापीठाची दारे बंद झाली. तेथील मुलगी माझ्या वर्गात बसली असता 'तुझ्या देशाविषयी सांग' असे तिला म्हणणे ही भाषिक कृती नव्हे, ती जबरदस्ती आहे. दलित आत्मकथनांनी आपल्याला हे शिकवले आहे. आपले दुःख कधी, कोणापुढे, कोणत्या शब्दांत सांगायचे हे सांगणारा ठरवतो. ते मागून घेणारा ठरवत नाही. म्हणून माझ्या वर्गात पुढ्यात असतो तो छापील मजकूर. विद्यार्थी बडोद्याविषयी बोलतात, महाडविषयी बोलतात. स्वतःविषयी बोलायचे की नाही हे त्यांच्याकडे. तो येमेनचा विद्यार्थी बोलला, कारण त्याला कोणी विचारले नव्हते.

६

परदेशी मुलांच्या वर्गाची ही हकीकत आपल्या नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण, परदेशी विद्यार्थी हे आपल्या मुलांचेही एक रूप आहे. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर, केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीवर आपली मुले-मुली इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठांत जातात. तेथे तीही इंग्रजीच्या वर्गात बसतात, तीही खोली शोधतात. इथेही पहिल्या पिढीचा विद्यार्थी महाविद्यालयात येतो तेव्हा भाषेच्या बाबतीत तो परदेशातच आलेला असतो.

माझ्या घरात पदवी घेणारी मी पहिली. इंग्रजी कवितेतील डॅफोडिल फुले मी पाठ केली, पण ती पाहिली नव्हती आणि त्या शब्दाशी माझे काही देणेघेणे नव्हते. त्याच्या आधी मला जे इंग्रजी शब्द खऱ्या अर्थाने आले ते डोमिसाइल, ॲफिडेव्हिट, व्हॅलिडिटी, अटेस्टेड. शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा अर्ज भरताना चुकून चालत नव्हते, म्हणून ते आले. वडील बाहेर बाकावर बसलेले असत आणि मी त्यांना कागदाचा अर्थ सांगत असे. आशयाधारित शिक्षण म्हणतात ते आपल्या घराघरांत असे तहसील कचेरीच्या ओसरीवर झालेले आहे. त्याला कोणी अध्यापनपद्धती म्हटले नाही, इतकेच.

आणि या पद्धतीचे सर्वोच्च उदाहरण पाहायचे तर ९ मे १९१६ पाहावे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात भारतातून आलेल्या एका विद्यार्थ्याने निबंध वाचला. त्याचा विषय होता 'भारतातील जाती'. परदेशी विद्यार्थी, परकी भाषा. पण आशय स्वतःच्या समाजाचा. ज्या व्यवस्थेने ज्ञानाचा अधिकार नाकारला, त्याच व्यवस्थेला बाबासाहेबांनी ज्ञानाचा विषय केले. त्यांच्या इंग्रजीचे सामर्थ्य केवळ शब्दसंपत्तीत नाही. सांगायचे काय आहे याच्या स्पष्टतेत आहे.

या पार्श्वभूमीवर एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. २०२२ साली राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे नियम बदलण्यात आले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळण्यात आले. म्हणजे त्या नियमाप्रमाणे परदेशी जायचे ते जा, इंग्रजी शिकायची ती शिका. फक्त स्वतःच्या समाजाविषयी तिच्यातून बोलू नका. १९१६ चा तो विषय त्या नियमात बसला नसता. 'वगळण्यात आले' हाही कर्मणी प्रयोग आहे, आणि त्याचा कर्ता विचारणे हे भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी मात्र आपण करू शकतो. आपल्या वसतिगृहांत, अभ्यासिकांत, परदेशी जाणाऱ्या मुलांच्या तयारीवर्गांत 'व्हिसा'तील सहा प्रसंग आणि त्या निबंधाची पहिली पाने इंग्रजीचा धडा म्हणून ठेवता येतील. व्याकरणाच्या प्रश्नांसह, लेखनाच्या कडक सरावासह. खर्च काही पानांच्या झेरॉक्सचा आहे. ज्या शिक्षकांना हे करायचे असेल त्यांनी पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना बाहेर पाठवावे आणि भिंतीवरच्या पाट्या उतरवून आणायला सांगाव्यात. 'ओन्ली' हा शब्द सापडायला फार चालावे लागणार नाही.